रोममध्ये राहायला परवडणारा भाग कोणता? सोबत आई-बाबा आणि लेक

निळीशाई
नमस्कार मंडळी. २८ एप्रिल ते ३ मे रोमला जायचं जवळजवळ ठरलंय. आम्ही दोघं, माझे आई-बाबा आणि आठ वर्षांची लेक. फ्लोरेन्स-व्हेनिस काहीही नाही, पाचही रात्री फक्त रोम, कारण आईचा गुडघा आणि बाबांची हौस दोन्ही सांभाळायचंय. बाबा इतिहासाचे शिक्षक होते, त्यांना कलोसियम आणि फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) एका दिवसात उरकायचं नाहीये, निवांत बघायचंय.
प्रश्न राहायचा आहे. पॅन्थिऑन, नवोना या भागात दोन खोल्यांचे भाव बघून डोळे पांढरे झाले. जरा बाजूला सरकलं की भाव पटकन उतरतात, पण तो भाग कसा आहे, संध्याकाळी आई-बाबांना घेऊन परत यायला बरं वाटेल का, हे बुकिंगच्या साइटवरून कसं कळणार? एजंट म्हणतो टर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनजवळच घ्या, ऑफिसातली मैत्रीण म्हणते टर्मिनी सोडून कुठेही घे. बजेट सगळ्यांचं मिळून रात्रीला १८० युरोपर्यंत, दोन खोल्या किंवा दोन बेडरूमचा फ्लॅट, फ्लॅट असेल तर उत्तम कारण बाबांना सकाळी घरचा चहा लागतो. जाणकारांनी कृपया सांगा.

गवतीचहा
एजंट बरोबर सांगतोय. मी म्युनिकला असतो, रोमला जाणं होतं आणि दर वेळी टर्मिनीलाच राहतो. विमानतळाची लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत थेट तिथे येते, मेट्रोच्या ए आणि बी दोन्ही लाईन तिथेच एकमेकींना छेदतात, निम्म्या शहराच्या बस तिथूनच सुटतात. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, बॅग समोर घ्या, झालं. नापोली किंवा पॉम्पेईला एक दिवस जाऊन यायचं मनात आलं तर सकाळची गाडी पकडायला पाच मिनिटं पुरतात. आई-बाबांना घेऊन गाड्या बदलत बसण्यापेक्षा हे बरं.

माणदेशी
बजेट कमी असेल तर विमानतळाजवळ फ्युमिचिनो गावात नाहीतर समुद्राकाठी ओस्तियाला का बघत नाही? त्याच पैशात मोठी जागा मिळते, समुद्र बघायला मिळतो, सकाळी गाडीने शहरात जायचं, संध्याकाळी परत.

हिशेबनीस
माणदेशी, फ्युमिचिनोचं गणित मांडून बघूया. विमानतळावरून शहरात येणाऱ्या साध्या लोकलचं, एफएल-१ म्हणतात तिला, तिकीट माणशी ८ युरो. चार मोठी माणसं, जाऊन-येऊन, म्हणजे दिवसाला ६४ युरो. खोलीत वाचवलेले पैसे गाडीत गेले आणि वर रोजचा दीड-दोन तासांचा प्रवास, तोही गावातून विमानतळ स्टेशनपर्यंत बस धरून. ओस्तियाचं वेगळं आहे, तिथली गाडी शहराच्या दीड युरोच्या तिकिटातच येते, पण ती वेळेवर येईलच असं नाही, आणि दुपारी थकून जरा आडवं व्हावं म्हटलं तर खोलीवर परत जाणं शक्यच नाही. वडीलधारी सोबत असताना दुपारची ती विश्रांती फार मोठी गोष्ट आहे. तरुण मुलं उन्हाळ्यात समुद्रासाठी गेली तर ओस्तिया ठीक.

तिबेरकाठ
निळीशाई, मी रोममध्येच राहते, बरीच वर्षं झाली. भारतातून कुणी ना कुणी दरवर्षी हाच प्रश्न विचारतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.
इथे नकाशावरचं अंतर बघायचं नाही, मेट्रोचं स्टेशन बघायचं. एवढं मोठं शहर पण मेट्रो फक्त तीन, कारण जमिनीत फावडं घातलं की काहीतरी दोन हजार वर्षांपूर्वीचं वर येतं आणि काम थांबतं. बी लाईन १९५५ ची, ए १९८० ची, आणि सी २०१४ पासून थोडी थोडी उघडत चाललीय. आणि ज्या जुन्या भागाचे भाव बघून तुमचे डोळे पांढरे झाले, त्या पॅन्थिऑन-नवोनाच्या मधोमध मेट्रोचं स्टेशनच नाही. म्हणजे तेवढे पैसे मोजूनही बॅगा घेऊन बस नाहीतर टॅक्सी, आणि पायाखाली काळे दगडी ठोकळे, साम्पिएत्रिनी म्हणतात त्यांना. त्यात बॅगेची चाकं अडकतात आणि गुडघा दुखणाऱ्या माणसाला तर प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं. फिरायला तिथे जायचंच आहे, पण रात्री थकल्यावर घरी येताना तरी साधा डांबरी रस्ता आणि सपाट फुटपाथ हवा.
म्हणून माझं म्हणणं, सान जोव्हान्नी आणि त्याच्या पुढचं रे दी रोमा बघा. ए लाईनवर टर्मिनीपासून तिसरं आणि चौथं स्टेशन. सम्राट ऑरेलियनच्या काळातली जुनी तटबंदी ओलांडली की लगेच सुरू होणारा भाग, पूर्णपणे रोमन मध्यमवर्गीय वस्ती. व्हिआ आप्पिया नुओव्हा हा तिथला सरळसोट बाजाराचा रस्ता, चपलांची दुकानं, औषधांची, सुपरमार्केट, बेकऱ्या, संध्याकाळी माणसं आपापल्या आई-वडिलांचा हात धरून फेरफटका मारताना दिसतात. टुरिस्ट असतात पण त्यांच्यासाठी म्हणून काही मांडलेलं नाही, त्यामुळे कॉफीचा, पिझ्झाच्या तुकड्याचा भाव तोच जो शेजारच्या बिल्डिंगमधल्या माणसाला लागतो.
ए लाईनने व्हॅटिकनसाठी ओत्ताव्हिआनो, स्पॅनिश पायऱ्यांसाठी स्पान्या, त्रेव्ही कारंज्यासाठी बारबेरिनी, सगळं गाडी न बदलता. आणि सान जोव्हान्नीहून सी लाईन डिसेंबर २०२५ पासून थेट कलोसियमला जाते, मधे एकच स्टेशन. सी नवीन असल्यामुळे तिच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत, ए वर बऱ्याच ठिकाणी नुसते जिने आणि सरकते जिने, हे आईंच्या दृष्टीने लक्षात ठेवा. बाबांना सान जोव्हान्नीचं सी लाईनचं स्टेशन मुद्दाम दाखवा. खाली उतरत जाल तशी भिंतीवर नोंद येते की या खोलीवर कुठला काळ लागला, आणि खोदताना सापडलेल्या वस्तू काचेच्या कपाटात मांडल्यात. इतिहासाच्या शिक्षकाला तिथून हलवणं अवघड जाईल.

गवतीचहा
तिबेरकाठ, माहिती छान आहे पण टर्मिनीला तुम्ही सरळ फुलीच मारताय असं वाटलं. लोक उगाच घाबरवतात.

तिबेरकाठ
फुली अजिबात नाही. एक-दोन रात्री असतील, पहाटेची गाडी असेल, एकटा माणूस असेल तर टर्मिनीच घ्या म्हणेन. पण तिथेही बाजू बघावी लागते. स्टेशनकडे तोंड करून उभं राहिलं तर डावीकडे व्हिआ मारसाला, इंदिपेन्देन्झा चौक, तो भाग त्यातल्या त्यात शांत. उजवीकडे व्हिआ जोलित्ती, तिथे रात्री स्टेशनच्या भिंतीला टेकून झोपलेली माणसं, बाटल्या, आरडाओरडा असतो. कुणी अंगावर येत नाही, पण आई-बाबा आणि लहान मुलगी घेऊन रोज रात्री तिथून जाताना मन शांत राहत नाही, आणि पाच रात्री म्हणजे पाच वेळा. तिथून पुढे एस्क्विलिनो, व्हित्तोरिओ चौकाच्या आसपास मात्र परत चांगली वस्ती लागते, मोठ्या कमानींखालचे फुटपाथ, मधे बाग, सान्ता मारिया माज्जोरे हे मोठं चर्च चालत, जिथे पोप फ्रान्सिस यांना २०२५ मध्ये दफन केलं. जागा बजेटमध्ये मिळाली तर तोही भाग नक्की बघा.

आंबेमोहोर
एस्क्विलिनोचा विषय निघालाय तर खाण्यापिण्याचं लिहिते, आम्ही शुद्ध शाकाहारी, त्यामुळे आमच्यासाठी राहायची जागा म्हणजे आधी स्वयंपाकघर. व्हित्तोरिओ चौकाजवळ नुओव्हो मेरकातो एस्क्विलिनो नावाचं मोठं छपराखालचं मार्केट आहे, जुन्या बराकींमध्ये भरतं. तिथे शिरलं की एका बाजूला इटालियन आर्टिचोकचे ढीग आणि त्याच्या शेजारच्याच गाळ्यावर भेंडी, हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीच्या जुड्या, कच्ची केळी, आणि बांगलादेशी दुकानदार हिंदीत विचारतो क्या चाहिए दीदी. डाळी, कणीक, मसाले सगळं मिळतं. सकाळीच जा, दुपारनंतर आवरायला लागतात. मेट्रोचं स्टेशन व्हित्तोरिओ एमानुएले, म्हणजे सान जोव्हान्नीहून दुसरंच, तेव्हा तिथे राहिलं नाही तरी भाजी आणायला जाता येतं.
बाहेर खाताना दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. सुप्ली म्हणून भाताचे तळलेले गोळे मिळतात, आत बहुतेक वेळा मांसाच्या रश्श्यातला भात असतो. पुन्तारेल्ले नावाची पालेभाजीची कोशिंबीर असते, तिला अँचोव्ही मासळीचं वाटण लावतात. कडक शाकाहारी असाल तर पेकोरिनो रोमानो चीज कोकराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेल्या विरजणाने, विरजतात हेही माहीत असू दे, काचो ए पेपे या पास्त्यात तेच असतं. पिझ्झा मारिनारात मासे नसतात, टोमॅटो, लसूण, ओरेगानो एवढंच, चीजही नाही, आम्ही त्यावर दिवस काढलेत. तुकड्याचा पिझ्झा वजनावर मिळतो, हाताने दाखवायचं एवढा कापा, ते कापून तोलून देतात.
आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, रस्त्यारस्त्यावर बिडाचे नळ आहेत, नाझोनी, शहरभर सुमारे अडीच हजार, चोवीस तास थंडगार पाणी, फुकट.

पायपीट
सगळेच सान जोव्हान्नी म्हणतायत म्हणून मी गारबातेल्लासाठी लिहितो, मनापासून आवडलेला भाग आहे. बी लाईनवर, कलोसियमपासून तिसरं स्टेशन, मधे चिर्को मास्सिमो आणि पिरामिदे. १९२० मध्ये कामगारांसाठी वसवलेली वसाहत, त्यांचे लोत्ती म्हणजे आठ-दहा घरांनी वेढलेलं सामाईक अंगण, अंगणात दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, संत्र्याची झाडं, खाटेसारखी बाकडी आणि त्यावर गप्पा मारणाऱ्या म्हाताऱ्या बायका, गिरगावातल्या जुन्या वाडीत शिरल्यासारखं वाटतं. संध्याकाळी बाबांना घेऊन नुसतं फिरा, कुणी हटकत नाही, फक्त आवाज न करता आणि लोकांच्या खिडक्यांचे फोटो न काढता. जागा कमी मिळतात कारण हॉटेलं फारशी नाहीत. जवळच ओस्तिएन्से, तिथे जुन्या वीजकेंद्रात प्राचीन पुतळे ठेवलेत, चेन्त्राले मोन्तेमार्तिनी, काळीकभिन्न यंत्रं आणि त्यांच्यापुढे पांढरे संगमरवरी देव, आणि गर्दी नाही. इतिहासाच्या शिक्षकांसाठी तर हे हवंच.
एक अडचण आहे, गारबातेल्ला चढ-उताराचं आहे. स्टेशनपासून वसाहतीपर्यंत चढ आणि पायऱ्या लागतात. गुडघ्यासाठी राहायला नको, बघायला जा.

रातराणी
निळीशाई, तुझा धागा जरा वापरते, चालेल ना? आम्ही दोघी मैत्रिणी ऑक्टोबरमध्ये जातोय, बजेट तुझ्या निम्मंही नाही, होस्टेल किंवा एखादी साधी खोली चालेल, रात्री उशिरापर्यंत फिरायचंय. पिन्येतो आणि सान लोरेन्झो ही नावं सारखी येतायत.

निळीशाई
अगं वापर की, माहिती सगळ्यांच्याच कामाची.

शिदोरी
रातराणी, मी सापिएन्झा विद्यापीठात शिकायला होतो, सान लोरेन्झो म्हणजे आमचं अंगणच. स्वस्त आहे, खाणं स्वस्त, दारू स्वस्त, आणि त्यामुळेच गुरुवारपासून शनिवारपर्यंत पहाटे दोन-तीनपर्यंत खिडकीखाली गोंगाट असतो. झोप प्रिय असेल तर आतली, अंगणाकडची खोली माग. १९ जुलै १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात हा भाग उद्ध्वस्त झाला होता, काही पडक्या इमारती अजून तशाच आहेत, त्या बघताना आपण कुठे उभे आहोत याचं भान येतं.
पिन्येतो सी लाईनवर आहे, शिवाय ५ आणि १४ नंबरच्या ट्राम टर्मिनीकडून तिकडे जातात. सकाळी भाजीबाजार भरतो त्याच रस्त्यावर संध्याकाळी टेबलं मांडली जातात, तिथलं वातावरण तरुण आहे, पण मुख्य रस्ता सोडून बोगदे आणि रुळांखालचे रस्ते रात्री टाळा.
मला विचारशील तर तुम्ही दोघींनी पियाझ्झा बोलोन्या बघा. बी लाईन, टर्मिनीपासून तिसरं स्टेशन, सगळी विद्यार्थ्यांची वस्ती, त्यामुळे खोल्या आहेत, पिझ्झा स्वस्त, सुपरमार्केट उशिरापर्यंत उघडं, रस्त्यावर दिवे आणि माणसं असतात आणि तरी झोप मिळते. मेट्रो साडेअकराला बंद होते, शुक्रवार-शनिवारी दीडपर्यंत. त्यानंतर एन अक्षराच्या रात्रीच्या बस, एनएमबी ही बी लाईनच्याच मार्गाने फिरते, पण वीस-तीस मिनिटं थांबायची तयारी ठेवा. काम असलं की मेट्रो लवकरही बंद करतात, जायच्या आधी त्या आठवड्याची सूचना बघून घ्या.

रातराणी
शिदोरी, खूप खूप आभार, बोलोन्याचं नाव मी कुठेच वाचलं नव्हतं. आजच बघते.

प्राजक्ताचा_सडा
त्रास्तेव्हेरेबद्दल कुणीच लिहिलं नाही, फोटोत किती सुंदर दिसतं.

शिदोरी
सुंदर आहेच, वेलींनी झाकलेल्या भिंती वगैरे. पण आता ते स्वस्त राहिलेलं नाही आणि रात्रभर जागं असतं. मेट्रो नाही, ८ नंबरच्या ट्रामवर सगळी मदार. नदीपासून लांब, टेकडीवर मोन्तेव्हेर्दे आहे, तिथे भाव उतरतात आणि ट्रामही तीच, पण चढ. निळीशाईंसाठी दोन्ही नको, जेवायला एक संध्याकाळ जा.

आंबेमोहोर
+१. आणि व्हॅटिकनला लागून असलेलं प्राती छान पण महाग, त्याऐवजी त्याच ए लाईनवर पुढे व्हाल्ले आउरेलिया, बाल्दो देल्यी उबाल्दी, कोर्नेलिया अशी स्टेशनं आहेत, आमचे ओळखीचे तिथे राहिले, स्वस्त आणि घरगुती वस्ती. फक्त कलोसियमच्या बाजूला यायला सगळं शहर ओलांडावं लागतं.

हिशेबनीस
बजेटमध्ये एक खर्च बहुतेक लोक धरत नाहीत, सिटी टॅक्स. साइटवर दिसणाऱ्या भावात तो नसतो, चेक-इन करताना वेगळा घेतात. रोममध्ये तीन तारांकित हॉटेलला माणशी रात्रीला ६ युरो, चार तारांकितला साडेसात. दहा वर्षांखालच्या मुलांना नाही, त्यामुळे लेक सुटली. चार माणसं, पाच रात्री, ६ च्या दराने १२० युरो, म्हणजे एका रात्रीच्या भाड्याचा मोठा भाग झाला. फ्लॅटलाही लागतो, दर जाहिरातीत खाली बारीक अक्षरात असतो, तो वाचून मगच दोन जागांची तुलना करा. मेट्रो-बसलाही दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोठ्यांसोबत तिकीट नाही. मोठ्यांचं दीड युरोचं तिकीट शंभर मिनिटं चालतं, बस कितीही बदला पण मेट्रोत एकदाच. म्हणजे तुमचा चौघांचा जाऊन-येऊन खर्च १२ युरो, आणि मध्यवर्ती भागातल्या जागेचा जास्तीचा भाव याच्या कितीतरी पट असतो.

निळीशाई
किती मनापासून लिहिताय सगळे! मी आणि नवऱ्याने बसून तीन जागा काढल्यात.
एक, रे दी रोमा स्टेशनपासून पाच मिनिटं, दोन बेडरूमचा फ्लॅट, फोटो अतिशय सुंदर, गच्ची आहे, तिसरा मजला, लिफ्टचा उल्लेख नाही. दोन, फुरिओ कामिल्लो स्टेशनजवळ, म्हणजे रे दी रोमाच्या पुढे दोन स्टेशनं, दोन बेडरूम, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट आहे असं लिहिलंय, फर्निचर साधं, भाव पहिल्यापेक्षा कमी. तीन, व्हिआ जोलित्तीवर हॉटेल, दोन खोल्या, नाश्ता धरून. मला गच्चीचा मोह होतोय, नवरा दोन नंबर म्हणतोय, आई म्हणते कुठेही चालेल, म्हणजे तिला नक्की काहीतरी नकोय पण सांगत नाहीये.

तिबेरकाठ
तीन नंबर सोडा, वर लिहिलंय ते कारण. पहिल्यात लिफ्टचा उल्लेख नाही म्हणजे लिफ्ट नाही असंच समजायचं, इथे जुन्या घरांत मजल्यांची उंची भरपूर असते, तिसरा मजला म्हणजे दगडी जिन्याच्या साठ-सत्तर पायऱ्या, दिवसातून दोनदा. आई काय सांगत नाहीयेत ते मला वाटतं हेच असणार.
दुसरा घ्या, पण मालकाला आधी विचारा की लिफ्ट केवढी आहे. जुन्या बिल्डिंगांत जिन्याच्या मधल्या रिकाम्या जागेत लोखंडी जाळीची लिफ्ट नंतर बसवलेली असते, आत दोन माणसं आणि एक बॅग, बस. बाहेरचं जाळीचं दार ओढून घ्यायचं, मग आतली लाकडी दोन पाखं मिटायची, ती नीट टेकली नाहीत तर लिफ्ट जागची हलत नाही, आणि वर पोहोचून तुम्ही पाखं उघडी टाकून गेलात तर खालचा माणूस बटण दाबत उभा राहतो. लेकीला पहिल्या दिवशीच शिकवून ठेवा, मुलांना हे काम फार आवडतं. लिफ्टपर्यंत पोहोचायला मुख्य दारातून आत चार-पाच पायऱ्या असतात का, हेही विचारा, कारण लिफ्ट आहे असं लिहिताना त्या पायऱ्या कुणी मोजत नाही.
अजून एक बघा, जाहिरातीत सीआयएन नावाचा नंबर असायला हवा, आयटी अक्षरांनी सुरू होतो. जानेवारी २०२५ पासून पर्यटकांना भाड्याने द्यायच्या प्रत्येक जागेला तो बंधनकारक आहे. नंबर नसेल तर त्या जागेच्या वाटेला जाऊ नका. पोचल्यावर मालक सगळ्यांचे पासपोर्ट मागेल, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं त्याच्यावर कायद्याने बंधन आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.
आणि तारखा! मघाशी वाचताना निसटलं, १ मे तुमच्या मुक्कामात येतोय. त्या दिवशी कामगार संघटनांचा मोठा फुकट संगीत कार्यक्रम असतो, वर्षानुवर्षं सान जोव्हान्नीच्या चौकातच होत आलाय, लाखो तरुण मुलं, रस्ते बंद, मेट्रोचं स्टेशनही बऱ्याचदा बंद ठेवतात, शिवाय सुट्टी म्हणून बस-मेट्रो कमी. २५ एप्रिललाही राष्ट्रीय सुट्टी, त्यामुळे इटालियन लोक मधले दिवस जोडून फिरायला निघतात आणि नेमके याच आठवड्यात भाव चढतात. शाळेला सुट्टीच असेल तर ४ मेनंतर या. हवा तीच, गर्दी थोडी कमी, आणि तुमचे पैसेही वाचतील.

निळीशाई
हे कुणीच सांगितलं नसतं!! व्हिसाची अपॉइंटमेंट अजून घेतलेली नाही, विमानाचं तिकीटही नाही, त्यामुळे तारखा बदलणं काहीच अवघड नाही. आत्ताच ५ ते १० मे टाकून बघितलं, दोन नंबरचा फ्लॅट रात्रीला बराच उतरला.

गवतीचहा
व्हिसासाठी राहायचं बुकिंग दाखवावं लागतं, तेव्हा फुकट रद्द करता येणारंच घ्या, व्हिसा हातात येईपर्यंत पैसे अडकवू नका. आणि तिबेरकाठ, आई-बाबा सोबत असताना तुमचं पटलं. मी एकटा असतो म्हणून मला टर्मिनी सोयीचं पडतं. पण फुरिओ कामिल्लोला विमानतळावरून जायचं म्हणजे लिओनार्दोने टर्मिनी आणि मग मेट्रो ना?

तिबेरकाठ
टर्मिनीला जायचंच नाही. हिशेबनीसांनी लिहिलेली ती ८ युरोची एफएल-१ टर्मिनीला जात नाही, म्हणून टुरिस्ट तिच्याकडे बघतही नाहीत, पण ती त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से आणि मग तुस्कोलाना स्टेशनवर थांबते. तुस्कोलानाला उतरायचं, पोन्ते लुन्गोचं मेट्रो स्टेशन चालत काही मिनिटांवर, तिथून फुरिओ कामिल्लो पुढचंच. लिओनार्दो माणशी १४, ही ८, म्हणजे चौघांचे २४ युरो वाचले आणि टर्मिनीची गर्दी टळली. बॅगा कमी असतील तर तुस्कोलानाहून चालतही जाता येतं.
रात्री उशिरा उतरणार असाल किंवा आई थकल्या असतील तर सरळ टॅक्सी करा. फक्त एक ध्यानात ठेवा, विमानतळावरचं ठरलेलं भाडं जुन्या तटबंदीच्या आतल्या पत्त्यांसाठी आहे, फुरिओ कामिल्लो तटबंदीच्या बाहेर, तेव्हा बसायच्या आधी ड्रायव्हरला पत्ता दाखवून किती होतील ते विचारून घ्या. पाच माणसं म्हटल्यावर मोठी गाडी लागेल. पांढरी, छतावर टॅक्सीची पाटी असलेलीच घ्या, आत येऊन टॅक्सी टॅक्सी म्हणणाऱ्यांकडे बघू नका.

शिदोरी
अजून एक, संप. इथे बस-मेट्रोचे संप होतात, बहुतेक शुक्रवारी, आणि आधी जाहीर केलेले असतात. पूर्ण दिवसाचा संप असला तरी सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी ५ ते ८ गाड्या चालवणं बंधनकारक आहे. तुमच्या शुक्रवारी नेमका संप आलाच तर सकाळी आठच्या आत कलोसियमच्या बाजूला पोचायचं, दिवस फोरम आणि शेजारच्या पॅलेटाइन टेकडीवर काढायचा आणि पाचनंतर परत.

पायपीट
आणि तसा शुक्रवार आला तर दुपारी फोरमहून काराकाल्लाच्या स्नानगृहांपर्यंत हळूहळू चालत जा, सावली आहे, बसायला जागा आहे, कलोसियमसारखी झुंबड नाही.

निळीशाई
मंडळी, बुक केलं! फुरिओ कामिल्लो, ५ ते १० मे, रद्द करता येणारं. मालकीणबाईंना लिफ्टचं विचारलं, त्यांनी लगेच फोटो पाठवला, तीच जाळीची आणि लाकडी पाखांची, आईने फोटो बघून म्हटलं, मग ठीक आहे. मुख्य दारातून लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या आहेत, कठडा आहे. सीआयएन नंबर आहे, सिटी टॅक्स वेगळा आहे तो धरूनही बजेटमध्ये बसतंय. बाबांनी सान जोव्हान्नी स्टेशनची माहिती वाचायला घेतलीय. तिबेरकाठ, मेट्रोत कार्ड टॅप करून चालतं असं वाचलं, आई-बाबांसाठी वेगळं कार्ड लागेल का?

तिबेरकाठ
हो, टॅप चालतं, पण एका कार्डावर एकच माणूस. आई-बाबांकडे टॅप होणारी कार्डं नसतील तर कागदी तिकिटं घ्या, मेट्रोच्या मशिनवर नाहीतर टी अक्षराची पाटी असलेल्या तबाक्कीच्या, म्हणजे तंबाखू-सिगारेटच्या, दुकानात मिळतात. आठ-दहा एकदम घेऊन ठेवा. बसमध्ये चढल्यावर पिवळ्या मशिनमध्ये तिकिटावर शिक्का मारायचा, नुसतं खिशात असून चालत नाही, तपासनीस आला तर दंड होतो. पोचलात की इथे लिहा, भाजी आणायला एस्क्विलिनोच्या मार्केटमध्ये मी शनिवारी सकाळी असतेच.